विष्णूचं मशीन आणि अंबिकाचा वर्ग

अंबिका पागनीसचा वर्ग संध्याकाळी भरायचा, आणि रोज कधी ना कधी तिचे हात पडद्यावर गोठून जायचे. हात वर, बोटं अर्धवट उघडलेली, चेहऱ्यावर शिकवतानाचा उत्साह, आणि चित्र तसंच थांबलेलं. समोरच्या चौकोनांतले आईबाप वाट बघत बसायचे. मग चित्र एकदम उडी मारून पुढे यायचं, तोवर अंबिका वाक्याच्या शेवटाला पोचलेली असायची.

दुसऱ्या एखाद्या वर्गात हे खपून गेलं असतं. चित्र थांबलं तरी आवाज येत राहतो, माणूस अंदाजाने समजून घेतो. पण अंबिका सांकेतिक भाषा शिकवायची. ती स्वतः जन्मापासून बहिरी होती, आणि तिचे विद्यार्थी म्हणजे बहिऱ्या मुलांचे ऐकणारे आईबाप. या वर्गात आवाजाला काही कामच नव्हतं. चित्र थांबलं की सगळं थांबलं.

गौतमपुऱ्याची भानुमती शेतातून येऊन, हातपाय धुऊन, फोन कणगीला टेकवून वर्गाला बसायची. एकदा अंबिका ‘दुखतंय’ची खूण शिकवत असताना चित्र अडकलं. भानुमतीने दिसली तेवढी अर्धी खूण उचलली आणि आठवडाभर मुलाकडून तीच घोटून घेतली. मग एका वर्गात तिने मोठ्या हौसेने ती करून दाखवली. बाकीचे हसले. अंबिकाला हसू आलं नाही. त्या पोराचं पोट दुखलं तर ते आता त्याच्या आईलाच कळणार होतं, जगात दुसऱ्या कुणालाही नाही.

शहरात, भंवरकुआं चौकाच्या मागच्या गल्लीत, कोचिंग क्लास आणि हॉस्टेलांच्या दाटीत, अंबिका आणि तिची आई मनोरमाबाई राहायच्या. तळमजल्यावर विष्णूची लाँड्री, पहिल्या मजल्यावर या दोघी, त्याच्या वरचे दोन मजले हॉस्टेलच्या मुलांचे आणि मग गच्ची. संध्याकाळ झाली की आसपासची सगळी मुलं फोन उघडून बसत, त्यामुळे मोबाइलच्या नेटवर वर्ग घेणं अशक्यच होतं. म्हणून अंबिकाने केबलचं कनेक्शन घेतलं होतं. तक्रार केली की कंपनीची माणसं दुपारी यायची, फोनवर आकडा दाखवायची आणि मनोरमाबाईंना सांगायची, “आंटीजी, स्पीड तो पूरी आ रही है.” अंबिका शेजारीच उभी असायची. तिच्याकडे कुणी बघायचंही नाही. शेवटच्या खेपेला आलेला माणूस म्हणाला, लॅपटॉप पुराना आहे. तिने लॅपटॉपही बदलला. हात गोठायचे ते गोठतच राहिले.

मग एके दिवशी, हे वर्ग भरवणाऱ्या संस्थेचं काम बघणाऱ्या अनुश्रीचा निरोप आला. अनुश्री मनाने चांगली होती. तिने लिहिलं होतं, ‘ताई, तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही हे मला माहीत आहे. पण तक्रारी वर गेल्या आहेत. नेट सुधारलं नाही तर पुढच्या महिन्यापासून ही बॅच भोपाळच्या मॅडमकडे द्यावी लागेल. सॉरी ताई.’

अंबिकाने फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. लाटणं पोळपाटावर असं आदळायला लागलं की बाहेर टीव्ही बघत बसलेल्या मनोरमाबाई उठून आत आल्या. त्यांनी नुसती मान उडवून विचारलं, काय झालं? अंबिकाने पिठाच्या हातांनी सांगितलं. या मायलेकींची हातांची एक घरगुती बोली होती, लहानपणापासून दोघींनी मिळून घडवलेली. ती दुसऱ्या कुणालाच कळत नसे.

*

त्याच वर्गात शहराबाहेरच्या सिमरोलहून शर्वरी बसायची. तिचा नवरा हृषीकेश तिथल्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेत नेटवर्क सांभाळायचा. वर्षापूर्वी दोघं सांगलीहून आले होते आणि आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहत होते. त्यांची कस्तुरी चार वर्षांची होती. तिला ऐकू येत नव्हतं. कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे कानात ऐकण्याचं यंत्र बसवायच्या ऑपरेशनसाठी तिचं नाव लागलेलं होतं.

शर्वरी वही घेऊन पडद्यासमोर बसायची. कस्तुरी तिच्या मांडीत. हृषीकेश मात्र कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पलंगाच्या कडेला, हातात फोन घेऊन.

“तू पण बस ना रे,” शर्वरी म्हणायची.

“ऑपरेशन झालं की ती ऐकायला लागेल, बोलायला लागेल. मग हे हातवारे कशाला?”

“आणि तोवर? तोवर तिने कुणाशी बोलायचं?”

तो उठून पाण्याच्या बाटल्या भरायला जायचा. बाप म्हणून तो वाईट नव्हता. कस्तुरीला तोच अंघोळ घालायचा, खांद्यावर बसवून आवारभर हिंडवायचा. पण तिचे हात हवेत नाचायला लागले की तो नजर दुसरीकडे वळवायचा. खुणा शिकणं म्हणजे आपण हार मानली असं त्याला वाटायचं. ही गोष्ट त्याने शर्वरीलासुद्धा सांगितलेली नव्हती.

त्या दिवशी पडद्यावर अंबिका पुन्हा गोठली तेव्हा शर्वरी वैतागून म्हणाली, “झालं. आता हा वर्गच बंद होणार आहे. भोपाळची कुणी नवीन बाई येणार म्हणे. कस्तुरीला या किती आवडतात!”

हृषीकेशने फोनमधून मान वर काढली. पडद्यावरचं चित्र सुटलं, थोडा वेळ चाललं, पुन्हा अडकलं. तो सरकून पुढे आला.

“हे नेट स्लो नाहीये,” तो म्हणाला.

“मग काय आहे?”

“स्लो नेट असं वागत नाही. ते हळूहळू दमतं, चित्र धूसर होत जातं. हे बघ, स्वच्छ चित्र आहे आणि एकदम तुटतंय. कुणीतरी कात्री मारल्यासारखं. लाइनमध्ये बाहेरून काहीतरी शिरतंय.”

लाइन कुठे तुटते ते शोधणं हेच त्याचं रोजचं काम होतं. वर्गाच्या चॅटमध्ये त्याने पहिल्यांदाच काही लिहिलं, ‘नमस्कार मॅडम. मी कस्तुरीचा बाबा. शनिवारी येऊन तुमची लाइन बघू का?’

अंबिकाने वाचलं, आणि दोन्ही हातांनी त्याला बोलावलं. ती खूण कुणालाही कळली असती.

*

शनिवारी दुपारी तिघं आले. हृषीकेशच्या खांद्याला हत्यारांची पिशवी आणि केबलचं नवं वेटोळं होतं. दार मनोरमाबाईंनी उघडलं.

“या ना, या. किती दुरून आलात हो! चाय ठेवलेलीच आहे. पोहे पण होऊन राहिलेत.”

हृषीकेशने चपला काढता काढता विचारलं, “काकू, नेट साधारण कधीपासून बिघडतंय?”

“माझ्याशी काय बोलता हृषीकेशजी? नेट तिचं आहे. तिला विचारा.”

तो ओशाळला. अंबिका समोरच उभी होती, चाळिशीची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली, आणि त्याच्या ओठांकडे लक्ष देऊन बघत होती. त्याने फोनवर तोच प्रश्न टाइप करून तिच्यापुढे धरला. तिने त्याच फोनवर उत्तर लिहिलं: ‘चार महिने. फक्त संध्याकाळी. दुपारी सगळं छान असतं, म्हणून माझं कुणी खरं मानत नाही.’

त्याने लॅपटॉपवर एक साधी तपासणी लावून ठेवली. इथून एक छोटा निरोप बाहेर जायचा, पलीकडून पोच यायची, आणि पोच आली की पडद्यावर एक ओळ उमटायची. ओळी भराभर उमटत होत्या. सगळं ठीक. कंपनीची माणसं जे बघून गेली तेच त्यालाही दिसत होतं. पोहे झाले, चहा झाला, तरी ओळी सुरळीतच. आपण मोठ्या तोऱ्यात आलो आणि आता रिकाम्या हाताने जाणार की काय, असं त्याला वाटायला लागलं.

तोवर सतरंजीवर अंबिका आणि कस्तुरी समोरासमोर बसल्या होत्या. कस्तुरी काहीतरी सांगत होती. तिचे हात, भुवया, खांदे, सगळंच बोलत होतं. मध्येच ती उठून मान ताठ करून चालून आली, मग पळाली, मग घाबरून डोकं लपवलं. अंबिका डोळे मोठे करून विचारत होती, मग? मग? कस्तुरी आणखी रंगात येत होती.

“काय सांगतेय ती?” हृषीकेशने हळूच विचारलं.

शर्वरी बारकाईने बघत होती. “क्वार्टरमागे मोर आला होता, एवढं कळलं. मोर कुत्र्याच्या मागे लागला की कुत्रा मोराच्या, ते नाही कळलं मला.”

“कधीची गोष्ट?”

“मला माहीत नाही रे. तिने मला नाही सांगितली.”

आपल्या मुलीकडे सांगण्यासारखी एवढी मोठी गोष्ट आहे, ती तिने कितीतरी दिवस जपून ठेवली आहे, आणि घरात ती घेणारं कुणी नाही, हे हृषीकेशला आज दिसलं. त्याने मान वळवून पुन्हा पडद्याकडे बघायला सुरुवात केली.

ऊन कललं. अंबिकाने एकदम हात वर केला. पडद्यावरच्या ओळी थांबल्या होत्या. पोच नाही. पुन्हा पोच नाही. मग दोन ओळी आल्या, आणि पुन्हा खंड.

त्याच क्षणी हृषीकेशने कान टवकारले. वरून कुठूनतरी एक जड घरघर उठली होती, चढत चढत एका सुरात स्थिर झाली होती.

“काकू, हा आवाज कसला?”

“कसला आवाज?” मनोरमाबाईंनी क्षणभर ऐकलं. “अगं बाई, हा होय! हा तर रोजचाच आहे. विष्णूची मशीन. गच्चीवर कपडे पिळते. खाली जागा नाही ना, म्हणून वर बसवलीय त्याने.”

“कधी बसवली?”

“होळीनंतर.” असं म्हणून त्या थांबल्या आणि मनाशी हिशेब करायला लागल्या. मग हात तोंडाशी गेला. “म्हणजे चार महिनेच की हो!”

आवाज रोज त्यांच्या कानांवर पडत होता, आणि रोजचा म्हणून त्यांनी तो ऐकणं सोडून दिलं होतं. वर्ग चालू असताना त्या बाहेरच्या खोलीत असायच्या, पडदा त्यांना दिसत नसे. अंबिकाला पडदा दिसायचा, आवाज नाही. कंपनीची माणसं यायची तेव्हा विष्णूचे कपडे अजून धुवून निघालेले नसायचे.

हृषीकेशने भराभर टाइप केलं, ‘वर मोटर सुरू झाली की तुमची लाइन तुटते. मला आवाज ऐकू येतोय.’

अंबिकाने ते दोनदा वाचलं. मग कपाळावर आठ्या आणून त्याच्या खाली लिहिलं, ‘वर आवाज असतो?’

‘हो. बराच मोठा.’

ती उठली, भिंतीपाशी गेली, तळवा टेकवून उभी राहिली. काही जाणवलं नाही. मध्ये दोन मजले होते. परत येऊन तिने आईकडे बघून हात उडवले. त्या घरगुती बोलीतलं ते वाक्य इतकं उघड होतं की हृषीकेशलासुद्धा समजलं: तू कधी सांगितलं नाहीस!

“मला कुठे माहीत होतं गं की त्याचा नेटशी काही संबंध असतो?” मनोरमाबाई तोंडाने आणि हातांनी एकदमच म्हणाल्या.

*

इमारतीच्या मधोमध हवेसाठी सोडलेला चौकोनी डक्ट होता. सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या त्यात उघडायच्या. हृषीकेश अंबिकाच्या खिडकीतून बाहेर वाकला आणि त्याला हवं ते दिसलं. खालच्या लाँड्रीतून गच्चीपर्यंत मशीनची जाड काळी वीजवाहिनी गेली होती. आणि इंटरनेटची बारीक निळी केबल, जी गच्चीवरच्या कंपनीच्या डबीतून खाली अंबिकाकडे येत होती, ती त्या काळ्या केबललाच जागोजागी पट्ट्यांनी बांधलेली होती. तीन मजले दोघी एकमेकींना चिकटून.

तो गच्चीवर गेला. दोऱ्यांवर चादरी आणि टी-शर्ट वाळत होते. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कपडे पिळायचं मशीन गरगरत होतं. विष्णू पस्तिशीचा, बनियनवर, पुढच्या घाण्याचे ओले कपडे बाजूला काढत होता. अनोळखी माणूस तारा तपासतोय म्हटल्यावर तो पुढे आला.

“काय भिया, कुणाकडून आलात?”

हृषीकेशने सांगितलं. विष्णूचा चेहरा उतरला आणि लगेच आवाज चढला.

“म्हणजे मशीन बंद करू? हॉस्टेलवाले आधीच रोज कटकट करतात, आवाज येतो, अभ्यास होत नाही. घरमालक म्हणतो, दुसरी जागा बघा. आता नेटवाले पण आले! मी करू काय, सांगा तुम्हीच?”

“मशीन बंद करायचं नाहीये,” हृषीकेश म्हणाला. “केबल चुकीच्या जागी बांधलीय. ती कुणी बांधली?”

विष्णू वरमला. “मीच बांधली. मशीनची लाइन ओढली तेव्हा ती निळी तार अशीच लोंबकळत होती. वाऱ्याने हलायची. म्हटलं, दोन पट्ट्या मारून देऊ, सुरक्षित राहील. तुटली असती नाहीतर.” मग जरा थांबून तो म्हणाला, “खरं सांगू भिया? या बिल्डिंगमध्ये माझ्या मशीनचा त्रास नाही अशी एकच व्यक्ती आहे असं मला वाटायचं. अंबिकादीदी. जिन्यात भेटल्या की हसतात. मी मनात म्हणायचो, चला, एक तरी घर खूश आहे आपल्यावर.”

तो खाली बसला. हृषीकेशला त्याची दया आली.

“तुमच्या हेतूत काही खोट नाही. बघा, या निळ्या केबलच्या आत तारांच्या जोड्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरचा विजेचा गोंधळ आत शिरू नये म्हणून तो पीळ. पण तुमची मोटर मोठी, ती सुरू होताना जोरात ओढ घेते, आणि तिच्या लाइनला ही केबल तीन मजले चिकटून आहे. मग काही निरोप वाटेतच फुटतात. दोघींना लांब ठेवायचं, एवढंच.”

विष्णूने खाली जाऊन आधी मेन बंद केला. मग दोघांनी मजल्यामजल्याच्या खिडक्यांतून पट्ट्या कापत केबल सोडवली. मधल्या मजल्याशी एक जोड सापडला, कधीतरी कुणी पीळ उकलून तारा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेल्या. गोंधळ शिरायला याहून सोपी जागा नव्हती. हृषीकेशने जुनी केबल सोडूनच दिली. आपल्या वेटोळ्यातली नवी, बिनजोडाची केबल त्याने डक्टमध्ये सोडली आणि खिडकीतून अंबिकाने ती आत ओढून घेतली.

मेन पुन्हा चालू केला. आता मशीन चालू करून बघायचं होतं. अंबिका लॅपटॉप घेऊन खिडकीशी बसली, कस्तुरी तिच्या शेजारी स्टुलावर. शर्वरीने फोन कानाला लावला. विष्णूने बटण दाबलं. मशीनने असा सूर धरला की हृषीकेशला फोनवर शर्वरीचं एक अक्षर कळेना.

“काय? तुटलं की नाही?” तो ओरडत होता. खाली शर्वरीही ओरडत होती. हॉस्टेलच्या मुलांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली. एका हातात केबल धरून तो कठड्यावरून वाकला होता, दुसऱ्या हाताने फोन सावरत होता. शेवटी वैतागून त्याने फोन खिशात टाकला.

तेव्हा खालून काहीतरी हललं. अंबिका खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हात हलवत होती. त्याची नजर पडल्यावर तिने एक खूण केली, सावकाश, स्वच्छ.

तुटलं.

हृषीकेशला ती समजली. पलंगाच्या कडेला बसून, न बघितल्यासारखं करत, त्याने ती इतक्या संध्याकाळी पाहिली होती की ती त्याच्यात मुरली होती. चित्र अडकलं की अंबिका वर्गाला हेच विचारायची: तुटलं का? ठीक आहे? पुन्हा करू? त्याने केबल काळ्या लाइनपासून हातभर लांब धरली आणि मोकळा हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खूण केली. चुकली असावी, कारण अंबिकाने मान तिरकी केली. त्याने पुन्हा केली.

ठीक आहे?

तिने पडद्याकडे पाहिलं. नाही. थोडं बरं. पण तुटतंय.

त्याने विष्णूला मशीन थांबवून पुन्हा सुरू करायला लावलं. सुरू होतानाच खंड पडत होता. मग तो केबल घेऊन डक्टच्या समोरच्या भिंतीकडे गेला. खाली हॉस्टेलच्या खिडकीत एक जुना कूलर खडखडत होता. त्याची मोटरही तितकीच त्रासदायक. त्याने केबल तिथून आणखी सरकवून कोपऱ्यात घेतली, जिथे नुसता पाण्याचा पाइप होता आणि विजेचं काही नव्हतं. गच्चीवर एका जागी मात्र तिला मशीनची लाइन ओलांडावीच लागत होती. तिथे त्याने ती बरोबर काटकोनात नेली, वरून पटकन उडी मारल्यासारखी, म्हणजे दोघींची सोबत क्षणाचीच.

“चालू करा,” तो विष्णूला म्हणाला.

मशीन घरघरलं. हृषीकेशने खाली पाहिलं. अंबिका पडद्याकडे बघत होती. मशीन पूर्ण वेगात आलं. ती अजून बघतच होती. मग तिने दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरून गदागदा हलवली, बहिरे लोक टाळ्या वाजवतात तशी. शेजारी स्टुलावर उभी राहून कस्तुरीनेही तेच केलं.

आणि मग कस्तुरीच्या लक्षात आलं की वर उभा असलेला, हातांनी बोलणारा माणूस बाबा आहे. तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं, अंबिकाकडे बघून खात्री करून घेतली, आणि तीन मजले खालून त्याला काहीतरी सांगायला लागली. भराभर. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

त्याला एकच खूण आठवली. त्याने ती केली. पुन्हा.

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी हळू, मोठ्या माणसाने लहान मुलाला सांगावं तसं. त्यातला एक शब्द त्याने पकडला. खाली. बाबा, खाली ये.

विष्णू मागे उभा राहून हे बघत होता. “दीदींची मुलगी आहे का ती?” त्याने विचारलं.

“माझी,” हृषीकेश म्हणाला. मशीनच्या घरघरीत विष्णूला ते ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक. त्याने हृषीकेशच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि बाकीच्या क्लिपा ठोकायला हातोडी घेतली.

*

सोमवारी वर्ग भरला. गच्चीवर मशीन चालू होतं आणि अंबिकाचे हात एकदाही थांबले नाहीत. तिने भानुमतीला आधी समोर बोलावलं आणि ती अर्धी शिकलेली खूण पूर्ण करून घेतली. भानुमती लाजली, मग मुलाला ओढून पडद्यासमोर बसवलं, त्यालाही करायला लावली. अनुश्री त्या दिवशी मुद्दाम वर्गात येऊन बसली होती. बॅच भोपाळला गेली नाही.

विष्णूचा घरमालकाशी वाद चालूच राहिला. केबल सरकवल्याने मशीनचा आवाज काही कमी झाला नव्हता. शेवटी त्याने मशीनखाली जाड रबर घातलं आणि वेळ बदलून घेतली, तेव्हा हॉस्टेलची मुलं जरा निवली. अंबिकाच्या दाराशी आला की तो आता मनोरमाबाईंना हाक मारत नाही. बेलशेजारचं बटण दाबतो. आत दिवा लुकलुकतो आणि अंबिका स्वतः दार उघडते. तो दिवाही त्यानेच बसवून दिला.

हृषीकेश वर्गाला चौकटीच्या आत बसायला लागला. तो हुशार विद्यार्थी नव्हता. त्याची बोटं अवघडलेली असायची, आणि कस्तुरी त्याचा हात धरून बोटं सरळ करून द्यायची. एकदा वर्ग संपल्यावर त्याने अंबिकाला चॅटवर विचारलंच, ‘मॅडम, ऑपरेशन करतोय आम्ही. तुम्हाला वाईट वाटत नाही ना?’

अंबिकाने लिहिलं, ‘करा. तिला ऐकू आलं तर मला आनंदच होईल. मशीन कानाला असेल तेव्हा ऐकेल. अंघोळ करताना, झोपताना, पोहताना ते काढावं लागेल. तेव्हाही ती तुमची मुलगी असेल आणि तिला काहीतरी सांगायचं असेल.’

पावसाळा सरल्यावर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यंत्र लगेच सुरू होणार नाही, जखम भरायला काही आठवडे जातील. कस्तुरी डोक्याला पट्टी बांधून वॉर्डात पडली होती, चिडलेली, थकलेली. शर्वरी खाली औषधं आणायला गेली होती. दिवेलागणीला नर्स आली. तिने कस्तुरीची नाडी बघितली, पांघरूण सारखं केलं आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला. कस्तुरी रडायला लागली.

“दुखतंय का तिला? काय झालं?” नर्स गोंधळून म्हणाली. “मला तर काही कळतच नाही हिचं.”

हृषीकेश पुढे झाला. त्याने मुलीच्या समोर बसून विचारलं. तिने हुंदके देत उत्तर दिलं. त्याने एक गोष्ट पुन्हा विचारून घेतली, मग मान हलवली.

“दुखत नाहीये,” तो नर्सला म्हणाला. “ती म्हणते, दिवा बंद करू नका. अंधारात बोलता येत नाही.”

नर्सने बटणावरचा हात काढून घेतला.